अकरावर आठ

आमच्या घराण्यात ओकचं झाड मृत्युपत्राने मिळत नाही, त्यावर बसून मिळतं.

झाड आमचं नाही, ही गोष्ट आधीच कबूल करून टाकतो. ते सरकारी जंगलात आहे, ओढ्याच्या वळणावर. पण विस्कॉन्सिनात जंगल सरकारचं असतं आणि झाड ज्याचं त्याचं असतं. नोव्हेंबरात हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडतो, त्या शनिवारी कोण कुठल्या झाडावर बसणार हे आमच्या कॅम्पातल्या, म्हणजे जंगलाकडेच्या शिकारीच्या घरातल्या, एका जाड वहीत लिहिलेलं आहे, आणि त्या वहीपुढे राज्याचे कायदे फिके पडतात. ओढ्यावरच्या त्या पांढऱ्या ओकवर आधी माझे वडील बसत. मग मी. ऐन थंडीतही त्याची तांबूस पानं गळत नाहीत. वारा आला की जुन्या कागदासारखी वाजतात. माझ्या वडिलांनी माझ्याशी जन्मात जेवढं बोलणं केलं, त्याहून जास्त ते झाड एका सकाळी बोलतं.

वहीतला नियम वडिलांनीच लिहिलेला. झाड सलग दोन हंगाम रिकामं राहिलं, तर ते पुढच्या नावाला जातं. बसणं म्हणजे काय, याचाही खुलासा आहे : पहिल्या शनिवारी, उजाडल्यापासून दुपारी बारापर्यंत, झाडावर, डोळे उघडे ठेवून. शेवटची अट व्हर्नरकाकामुळे घालावी लागली. काका म्हणजे वडिलांचा धाकटा भाऊ. ऐन तारुण्यात तो एकदा झाडावर झोपला होता. तेव्हापासून वही त्याच्याकडेच सांभाळायला आहे. शिक्षा म्हणून दिली होती. पुढे त्याचा मान झाला.

गेल्या वर्षी माझं झाड रिकामं राहिलं. सरकारी जंगलात मचाण रोज लावायचं आणि रोज काढून आणायचं. मचाणाचं ओझं आणि माझी कंबर यांचं ऑक्टोबरातच बिनसलं, आणि पहिल्या शनिवारी मी घरात जमिनीवर पाठ टेकून छताकडे बघत पडलो होतो. माझ्या बहिणीचा नवरा ड्वेन फोनवर म्हणाला, "पाठीची काळजी घ्या हो. झाड काय, कुठे पळून जातंय?" त्या आवाजात जी माया होती, तिने माझी झोप उडवली. ड्वेनचं झाड टेकडीवर आहे, तिथे फक्त खारी येतात. त्याची नजर ओकवर आहे, हे खारींनासुद्धा माहीत आहे.

तेव्हा या वर्षी झाडावर बसणं भाग होतं, आणि मचाण उचलणं शक्य नव्हतं. मग मला सॅडलचा शोध लागला.

सॅडल म्हणजे कमरेला आणि मांड्यांना धरणारा एक रुंद पट्टा. तो घालायचा, झाडाला एक दोर वळसा घालून बांधायचा, आणि त्या दोराला स्वतःला अडकवून पायांनी खोडाला रेटा देत मागे रेलून बसायचं. मचाण नाही, ओझं नाही, सगळं एका पिशवीत मावतं. फक्त एक बारीकशी बाब उरते. मुख्य दोराभोवती एक वेगळी दोरी तीनदा गुंडाळून गाठ मारायची असते, आणि माणूस लटकतो तो त्या गाठीला. ही गाठ हाताने ढकलली की दोरावर खालीवर सरकते, आणि अंगाचा भार पडला की घट्ट धरून बसते. निदान तसं तिने वागावं अशी अपेक्षा असते. दोरी मुख्य दोराइतकीच जाड झाली तर गाठ धरत नाही. फार बारीक झाली तर सोडत नाही. मधे कुठेतरी एक बरोबर जाडी आहे, आणि ती कोणती, यावर इंटरनेटवर दाढीवाले पुरुष एकमेकांच्या आईवडिलांपर्यंत पोहोचले होते.

मी विमा कंपनीत दाव्यांचे कागद तपासतो. सव्वीस वर्षांत छपरांवरून, शिड्यांवरून, झाडांवरून आणि एकदा एका गाईवरून पडलेल्या माणसांचे अर्ज वाचले आहेत. प्रत्येक अर्जात 'मला वाटलं' हे दोन शब्द असतातच. म्हणून मी काही वाटून घेणार नव्हतो. मुख्य दोर अकरा मिलीमीटरचा आणला, सॅडलसाठी मिळणाऱ्यांत तोच सगळ्यात जाड होता. गाठीच्या दोरीचा निर्णय प्रयोगाने करायचा ठरवलं. जमिनीपासून फूटभर उंचीवर, दिवसाउजेडी, घरासमोर.

घरासमोर झाड एकच आहे, मेपलचं. ते पदपथ आणि रस्ता यांच्यामधल्या हिरव्या पट्टीत उभं आहे, आणि ती पट्टी गावाची. तिथलं गवत मी कापायचं, पानं मी गोळा करायची, बर्फ मी उपसायचा. पण झाडाला खिळासुद्धा मारायचा तर परवानगी गावाची. म्हणून मी गावच्या कचेरीत गेलो. तिथे कॅरोल अ‍ॅन बसते. ती शाळेत माझ्या वर्गात होती, म्हणूनच कामाच्या वेळी ओळख दाखवत नाही.

"झाडाला काय टांगायचंय?" तिने विचारलं.

"मला."

"वस्तूचं नाव सांगा."

"वस्तू नाही, कॅरोल अ‍ॅन. मी स्वतः. टांगून बघायचंय."

तिने फॉर्म उलटसुलट करून पाहिला. "तीनच रकाने आहेत. झोका, सूचनाफलक, हंगामी सजावट. झोक्याला बसणारा बारा वर्षांच्या आतला लागतो."

"मी छप्पन्नचा आहे."

"ते दिसतंय. सूचनाफलक म्हणावं तर अंगावर काहीतरी लिहिलेलं पाहिजे." तिने पेन टेबलावर दोनदा आपटलं. "दिवे लावणार आहात का?"

"नाही."

"नाही लावले तरी चालतं." आणि तिने तिसऱ्या रकान्यात खूण केली. मी कागदोपत्री हंगामी सजावट झालो. नाताळच्या दिव्यांसारखं सहा जानेवारीच्या आत मला उतरवून ठेवणं बंधनकारक होतं.

परवाना मेपलला लावायचा असतो. तो लावला, आणि त्याच दिवशी दुपारी आर्लन ब्रुकनर अंगणात आला. आर्लन शेजारच्याच घरात राहतो. आयुष्यभर विजेच्या खांबांवर चढला, निवृत्त झाल्यापासून जमिनीवर त्याचा जीव रमत नाही. त्याच्या हातात दोरीचं भेंडोळं होतं.

"मिलीमीटर-फिलीमीटर औषधाच्या दुकानात," तो म्हणाला. "मला सोळांशात सांग. दोर केवढा तुझा?"

"सात सोळांश इंच."

"मग ही घे. सहा सोळांश. तीस वर्षं खांबावर काढली मी, लॉईड. जाड ते जाड."

"अरे, नको, कशाला उगाच—"

"घे रे."

"तुला लागेल कधी."

"घे म्हणतो ना."

तीनदा नको म्हणून झाल्यावर घ्यावंच लागतं, ही इथली रीत आहे. चौथ्यांदा नको म्हटलं तर दोन घरं कायमची तुटतात. मी घेतली.

संध्याकाळी समोरच्या बर्निसबाई आल्या. त्यांचे यजमान हॅरॉल्ड जाऊन चार वर्षं झाली. त्यांनी पाच मिलीमीटरची निळी दोरी आणली होती, इस्त्री केल्यासारखी नीट गुंडाळलेली. "हॅरॉल्डच्या नावेची आहे," त्या म्हणाल्या. "चिवट होती फार. हॅरॉल्डसारखी." आता दिवंगत माणसाच्या दोरीला कोण नाही म्हणणार? मी दोनदाच नको म्हणालो, तिसऱ्यांदा हात पुढे केला.

इथे चर्चच्या तळघरातल्या जेवणांबद्दल दोन शब्द सांगणं गरजेचं आहे, नाहीतर माझं पुढचं वागणं मूर्खपणाचं वाटेल. त्या जेवणाला प्रत्येक घरून एकेक पदार्थ येतो, आणि ज्या बाईने जो केला ती त्याच्यापासून सहा पावलांवर उभी असते. बघत नाही, पण तिला सगळं दिसत असतं. म्हणून आपल्याकडचा शहाणा माणूस प्रत्येक भांड्यातला एकेक चमचा वाढून घेतो. गाजर घातलेली हिरवी जेलीसुद्धा. मी या शिस्तीत वाढलो. मेपलसमोर आर्लनची खिडकी होती, आणि बर्निसबाईंचीही.

पहिल्या दिवशी आर्लनची दोरी लावली. गाठ मारली, पट्टा चढवला, मागे रेललो. गाठीने धरलं. पाय जमिनीपासून फूटभर वर, अंग हलकं, कंबरेतली कळ विसावलेली. इतकं बरं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. आर्लन हात खिशात घालून समोर येऊन उभा राहिला.

"कसं काय?"

"वाईट नाही," मी म्हणालो. इथे याच्या वर कौतुक करत नाहीत.

मग त्याने सत्तर-ऐंशी सालाच्या सुमारास आलेल्या बर्फाच्या वादळाची गोष्ट काढली. ती सांगत असताना माझ्या ध्यानात आलं की त्याची हनुवटी वर वर जाते आहे. थोड्या वेळाने कळलं की हनुवटी जागेवरच आहे, मी खाली जातोय. साडेनऊ मिलीमीटरची नवी, ताठ दोरी अकराच्या दोरावरून खाली घसरत होती, इतकी हळू की त्याला पडणं म्हणता येत नव्हतं. बशीत लोणी वितळावं तसा मी उतरत होतो. आर्लनने ते पाहिलं. पण दोरी त्याची, आणि लटकणारा मी. गोष्ट तशीच पुढे चालली. नजरेला नजर राहावी म्हणून तो गुडघ्यात किंचित वाकला. वादळात सतराशे घरांची वीज गेली तेव्हा माझ्या टाचा गवताला लागल्या होत्या. वीज परत आली तेव्हा मी ओल्या पानांत बसलो होतो आणि आर्लन दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून ओणवा उभा होता.

"असो," तो म्हणाला. "धरते पण चांगली, नाही?"

"छान धरते," मी खालून म्हणालो.

दुसऱ्या दिवशी हॅरॉल्डची दोरी. तिने धरलं, ते असं की विचारू नका. पाच मिलीमीटरची दोरी अकराच्या दोरात रुतली, जशी जुनी अंगठी सुजलेल्या बोटात. मी अर्धा तास ती ढकलली, ओढली, तिला चांगल्या शब्दांत समजावलं. बर्निसबाई पलीकडून हात हलवत होत्या. मीही हलवत होतो. कापून टाकायला चाकू खिशात होता, पण हॅरॉल्डची दोरी हॅरॉल्डच्या बायकोसमोर कापायची? मी पट्टा सोडून त्यातून अंग बाहेर काढलं आणि घरात निघून गेलो. रिकामा पट्टा मेपलला लोंबकळत राहिला. रस्त्याने जाणाऱ्या एका बाईने गाडी थांबवून त्याचा फोटो काढला. सजावट म्हणून तो यशस्वी होता, असं म्हणावं लागेल.

गाठ माझ्या बायकोने सोडवली. मार्लिसने विणकामाची आकडी आणली, तीन फास एकेक करून उचलले, आणि हॅरॉल्डची दोरी अख्खी माझ्या हातात ठेवली. काही बोलली नाही. मार्लिस काही बोलली नाही की ते फार स्पष्ट ऐकू येतं.

तिसऱ्या दिवशी मी ती चूक केली, जी फक्त चर्चच्या तळघरात वाढलेला माणूस करू शकतो. कोणाचं मन दुखू नये म्हणून मी दोन्ही दोऱ्या एकाच दोरावर, एकाखाली एक बांधल्या आणि दोघांना जोडून बसलो. वरची घसरली आणि खालचीवर जाऊन बसली. खालची रुतली. मला वर जाता येईना, खाली येता येईना, आणि फिरता तर मुळीच येईना. दोन्ही खिडक्यांतून दोन चेहरे समाधानाने बघत होते.

तेवढ्यात ड्वेनची गाडी आली. त्याने काच खाली केली.

"दादा, हा काय नमुना मांडलाय?"

"सराव चाललाय."

"झाडावरून उतरायचा की चढायचा?" मग एकदम मऊ आवाजात, "कंबर कशी आहे? उगाच हट्ट करू नका. बावीस तारखेचा शनिवार जवळ आला. नाही जमलं तर नाही जमलं, घरचंच झाड आहे, घरातच राहील."

गाडी गेली. मार्लिस आकडी घेऊन बाहेर आली आणि या वेळी बोलली.

"लॉईड, तू स्वेटर विणायला घेताना आधी काय करतोस?"

"मी स्वेटर विणत नाही."

"म्हणून विचारते. मी आधी चार बोटांचा तुकडा विणते. लोकर कशी आहे, सुई कोणती बसते, धुतल्यावर ओढतं की सैल पडतं, ते तुकड्यावर कळतं. सबंध माणूस घालून बघत नाही मी."

मग सगळं तिने हातात घेतलं. याच कामासाठी बनवलेल्या दोऱ्यांचे हात-हातभर तुकडे तिने मागवले : सहा, सात, आठ, नऊ. गॅरेजच्या तुळईला अकराचा दोर बांधला. माझ्याऐवजी मिठाची पोती टांगली, पाणी मऊ करण्याच्या यंत्रात घालतात ती, चाळीस-चाळीस पौंडांची. "पाच झाली की तू," ती म्हणाली. मग माझ्याकडे नीट बघून अर्धं आणखी लावलं. प्रत्येक तुकड्याची गाठ बांधून, भार देऊन, भार काढून, एका बोटाने सरकते का पाहिलं. वहीत लिहिलं. मग दोर आणि तुकडे पाण्यात भिजवून फ्रीजरमध्ये टाकले, मटारच्या पिशव्यांशेजारी. "नोव्हेंबरात तू काही कोरडा बसणार नाहीस." थिजलेल्या दोरांवर पुन्हा तेच. नऊची गाठ थिजल्यावर घसरली. सहाची सुटायला तयार नाही. सातची मिनतवाऱ्या केल्या तर सुटते. आठची मिठाला धरून राहिली, आणि भार जाताच बोटाच्या धक्क्याने सरकली.

"अकरावर आठ," तिने वहीत लिहून खाली रेघ ओढली.

मग ती स्वतः पट्टा घालून त्याला लटकली. पट्ट्याच्या कमरेची मापं तिने तिच्या अंगाला कसून घेतली, एकदा डावीकडे फिरली, एकदा उजवीकडे, आणि खांद्याशी हात धरून एक डोळा मिटला. मला वाटलं, सर्व बाजूंनी तपासते आहे बिचारी. अर्जांत वाचून वाचून मला पाठ झालेले ते दोन शब्द, माझ्याच बाबतीत मला दिसले नाहीत. फ्रिजच्या दारावर दरवर्षी शिकारीचे दोन परवाने चिकटवलेले असतात, एक तिच्या नावाचा. अग्निशमन दलाच्या सोडतीची तिकिटं ती घेते, तसाच परवाना घेत असेल, गावाला मदत म्हणून, असं मी वीस वर्षं धरून चाललो होतो.

शेजाऱ्यांचाही तिने न्याय केला. आर्लनच्या दोरीने रिकामी बंदूक झाडावर ओढून घ्यायची. हॅरॉल्डच्या निळ्या दोरीने थर्मास बांधायचा. निघायच्या दिवशी दोघंही आपापल्या दारात उभे होते. आर्लनने आपली दोरी ओळखली. "बघ," तो बर्निसबाईंना ओरडून म्हणाला, "शेवटी माझीच घेतली."

बावीस नोव्हेंबर. पहाट अजून फुटायची होती. पट्ट्यांनी बांधायच्या चार आखूड शिड्या लावत मी ओकवर पंधरा फूट चढलो. दोर बांधला, आठची गाठ घातली, मागे रेललो.

ते सांगायला हवं. ओढ्यावर धुकं होतं, पातळ, दूध उकळायच्या आधी जी वाफ वर येते तसं. ओकची पानं वाजायला लागली. वडिलांच्या काळी वाजायची त्याच सुरात. गाठीने मला असं धरलं होतं की माझ्या कंबरेला स्वतःला काही धरायचं उरलं नव्हतं. वर्षभराची कळ निघून गेली. कुठे गेली ते बघायला मी डोळे जरा—

मला जाग आली ती ड्वेनच्या आवाजाने. तो झाडाखाली उभा होता. दहा वाजून वीस मिनिटं झाली होती.

"आठ शिंगी नर होता, दादा," तो म्हणाला. त्याच्या आवाजात विजयापेक्षा नवल जास्त होतं. "तुमच्या खाली उभा राहून ओकची फळं खात होता. मला दुर्बिणीतून दिसत होता, पण तुमच्याकडे नेम कसा धरणार? तुम्ही घोरलात की मान वर करायचा. थांबलात की खायचा. वीस मिनिटं चाललं होतं."

मी आठच्या गाठीला बोट लावलं. ती लगेच सरकली. तिचा एवढासुद्धा दोष नव्हता.

दुपारी कॅम्पातल्या लांब टेबलाशी सगळे बसले. दर वर्षीप्रमाणे मार्लिस हॉटडिश, म्हणजे भट्टीत भाजलेलं बटाट्याच्या गोळ्यांचं गरम जेवण, घेऊन आली होती आणि चुलीशी उभी होती. व्हर्नरकाकाने चष्मा लावला, वही उघडली. झाडावर होतो, दुपारपर्यंतही थांबलो, पण डोळे. मी म्हणालो की झोपेतही पापण्या थोड्या उघड्या राहतात, वैद्यकीय पुरावा आहे. मत घ्यायचं ठरलं. बाजूने कोणी हात वर करेना, कारण ते खोटं झालं असतं. विरुद्ध कोणी करेना, कारण मी समोर बसलो होतो. सगळे आपापल्या बशीकडे बघत राहिले.

"लॉईड," काका शेवटी म्हणाला, "मी चव्वेचाळीस मिनिटं झोपलो होतो. तेवढ्यावर तुझ्या बापाने नियम लिहिला. आता तू मला काय करायला सांगतोस?"

"काही नाही," मी म्हणालो. "वाचा पुढचं नाव."

ड्वेनने तोंड पुसून रुमाल घडी करून ठेवला. काकाने अंगठा ओला केला आणि पान उलटलं. त्या पानावर मी कधी गेलो नव्हतो. पहिल्या पानावर माझं नाव होतं, पुढे जायचं कारणच पडलं नाही. काका थांबला. मग त्याने वही माझ्यासमोर सरकवली. वडिलांचं अक्षर, शिसपेनीचं, पुसट. 'लॉईड. त्यानंतर मार्लिस, तिने मागितलं म्हणून.'

चुलीत एक लाकूड सरकलं.

"कधी मागितलंस?" मी विचारलं.

"भांडी घासताना," मार्लिस म्हणाली. "ते घासत होते, मी पुसत होते. बावीस वर्षं झाली."

"मला कधी सांगितलं नाहीस."

"तू कधी विचारलं नाहीस."

"मग ती दोरी? मिठाची पोती, फ्रीजर? मी तीन दिवस मेपलला लटकून तमाशा करत होतो, तसाच राहिलो असतो तर झाड आपोआप तुझं—"

"मला झाड हवं होतं, लॉईड," ती पळीने हॉटडिश वाढत म्हणाली. "तुझा विमा नको होता."

ड्वेनने रुमालाची घडी पुन्हा उलगडली. "मग माझं नाव कुठे आहे?"

काकाने मागची पुढची पानं चाळली. "तू मागितलंस कधी?"

ड्वेनने रुमालाची पुन्हा घडी घातली. इतकी वर्षं त्याने फक्त माझ्या कंबरेची चौकशी केली होती.

मार्लिस काही राहायच्या तयारीने आली नव्हती. व्हर्नरकाकाने तिला खालचा पलंग दिला, आणि कोणाच्याही आठवणीत पहिल्यांदा कॉफीचं भांडं आतून घासलं. रविवारी पहाटे तिने माझा लाल चौकटीचा लोकरी शर्ट चढवला, वर नारिंगी जाकीट, आणि वडिलांची बंदूक घेतली. पट्ट्याची मापं तिला बदलावी लागली नाहीत. गॅरेजात कसली होती तशीच मी वापरत होतो, आणि श्वास कोंडतो म्हणून थंडीला दोष देत होतो.

ज्याला झाड नाही तो कॅम्पात बटाटे सोलतो. मी सोलत होतो. आठ वाजून दहा मिनिटांनी ओढ्याकडून एक बार ऐकू आला. मग काही नाही. जंगल पुन्हा मिटलं. काकाने माझ्याकडे न बघता खिळ्यावरची कात्री काढून टेबलावर ठेवली.

कात्रीचं असं आहे, की ज्याचा नेम चुकतो त्याच्या शर्टाची मागची कड कापून, नाव-वर्ष लिहून, कॅम्पाच्या भिंतीला ठोकतात. भिंत भरली आहे. वडिलांच्या तीन आहेत, काकाच्या अकरा, ड्वेनची एक वेगळी फळीच आहे. माझी एकही नाही. एकतीस वर्षांत माझा नेम चुकला नाही, असं लोक आदराने सांगतात. गोळी झाडली असती तर ती शक्यता होती, हे मी कोणाला सांगत बसत नाही.

मार्लिस बाराच्या ठोक्यानंतर आली, दोन्ही गाल लाल, डोळे टक्क उघडे.

"हुकलं?" काकाने विचारलं.

"हुकलं. बंदूक खोडाला टेकवली आणि खोड किंचित हललं. वारा होता." ती खुर्चीत बसली. "दोरी नाही हलली पण."

काकाने कात्री उचलली, तिच्या मागे गेला आणि थांबला. सगळ्यांनी शर्ट ओळखला. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तीनदा नको म्हणालो. रीतीप्रमाणे तिसऱ्यानंतर कात्री चालली.

आज ती कड वडिलांच्या तीन तुकड्यांशेजारी आहे. शर्ट माझा, नाव मार्लिसचं. उरलेला शर्ट मी अजून घालतो. मागून वारा लागतो, पण लोकर चांगली आहे.

त्या दिवशी जेवणं झाल्यावर मी भांडी घासत होतो आणि ती पुसत होती. मग मी म्हणालो, "मार्लिस, तुझ्यानंतर ते झाड मला मिळेल का?"

तिने ताटाच्या दोन्ही बाजू पुसल्या. "दोन हंगाम रिकामं राहिलं तर," ती म्हणाली. "पण मला झोप कमी आहे." मग मान वळवून, "व्हर्नरकाका, लिहा याचं नाव."

काकाने वही ओढली, शिसपेन जिभेला लावली. "कारण काय लिहू?"

"मागितलं म्हणून लिहा," मी म्हणालो.

"आणि शर्ट दिला म्हणून," मार्लिस म्हणाली. काकाने तेही लिहिलं.